आवाज येतोय का?

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. २०२० साली शाळांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला गेला असेल, सांगा पाहू? 'गृहपाठ केला का?' छे! 'पाढे पाठ झाले का?' तोही नाही. मला विचाराल, तर तो प्रश्न होता, 'माझा आवाज येतोय का?'

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना हसू आलं ना? त्यांना सगळं आठवत असेल. लहानांनी मात्र घरातल्या दादा-ताईंना विचारावं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे आपल्या शाळा बंद झाल्या. आपल्याच नव्हे बरं का! जगातल्या १९० हून अधिक देशांतल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणात या साथीने खंड पाडला. आपल्या राज्यात खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना शाळा उघडण्याची परवानगी मिळाली, ती थेट १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये ज्यांची नावं पहिलीच्या हजेरीपटावर चढली, त्यांतली कितीतरी मुलं वर्गात पहिल्यांदा बसली, तेव्हा दुसरीत होती! अशी गंमत शाळेच्या इतिहासात कधी घडली नसेल. पण खरं सांगू का, ती गंमत नव्हती.

मधल्या काळात शाळा मोबाइलवर आली. गणित आलं, परिसर अभ्यास आला, कवायतसुद्धा आली. आज मी बोलणार आहे ती फक्त भाषेच्या तासाबद्दल, मराठीच्या आणि इंग्रजीच्याही. का? तर बाकीचे सगळे विषय आपण भाषेतूनच शिकतो. गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून कळलं नाही, तर बेरीज येऊन काय उपयोग?

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. माझे तेव्हाचे विद्यार्थी आता सहावी-सातवीत गेले आहेत. मध्यंतरी त्यांना गाठून मी विचारलं, "फोनवरचा भाषेचा तास कसा वाटायचा रे? खरं खरं सांगा." मग आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंनाही तोच प्रश्न विचारला. काय काय ऐकायला मिळालं म्हणून सांगू!

आधी मुलांचं ऐकू या. मान तुमचा पहिला.

एक मुलगी म्हणाली, "बाई, मला तर तो तास फार आवडायचा." मी चकितच झाले. वर्गात इंग्रजीचं वाक्य वाचताना ती अडखळली, की मागच्या रांगेतून खी-खी ऐकू यायचं आणि ती गप्प व्हायची. फोनवर हसणारं कोणी नव्हतं. ती गोधडीत डोकं खुपसून वाचायची, रेकॉर्ड करायची, ऐकायची, आवडलं नाही की पुसायची आणि पुन्हा वाचायची. सातव्यांदा जमलं, की मगच मला पाठवायची. "सात वेळा वाचलेली वाक्यं अजून पाठ आहेत माझी," असं म्हणून तिने दोन वाक्यं घडाघडा म्हणूनही दाखवली.

एक मुलगा म्हणाला, "तुम्ही पाठवलेली गोष्ट मी रात्री पुन्हा लावायचो. आजीपण ऐकायची. वर्गात गोष्ट एकदाच सांगतात ना!"

पण सगळ्यांचं असं नव्हतं. "आमच्याकडे फोन एक आणि आम्ही भावंडं तीन. ताईची दहावी होती, म्हणून फोन तिच्याकडे. माझ्या हातात यायचा तेव्हा तास संपलेला असायचा." दुसरी एक म्हणाली, "मला उत्तर यायचं, बाई. पण म्यूट काढेपर्यंत दुसरंच कोणीतरी सांगून मोकळं व्हायचं. मग मी हात वर करणंच सोडून दिलं." आणि एकाने तर अगदी थोडक्यात सांगितलं, "तुम्ही हसताय की रागावलाय, तेच कळायचं नाही."

आता शिक्षकांचं ऐका. आमच्यातले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "शुद्धलेखनाचे फोटो यायचे. अक्षर काय सुंदर! मोत्यासारखं! मी रोज शाबासकी द्यायचो. शाळा उघडल्यावर कळलं, ते अक्षर आईचं होतं." सगळी परिषद हसली. शहरातल्या शाळेत शिकवून आमच्याकडे बदलून आलेल्या एका बाईंनी सांगितलं, "माझ्यासमोर चौदा चौकोन असायचे आणि त्यातले अकरा काळे. काळ्या चौकोनाला कविता समजली की नाही, हे कसं ओळखायचं?" तिसऱ्या एका बाईंचा अनुभव मात्र वेगळा होता. वर्गात दोन वर्षं एक शब्द न बोललेल्या मुलाने त्यांना फोनवर गोष्ट वाचून पाठवली. त्याचा आवाज त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला!

अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२० साली पाच राज्यांतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना ऑनलाइन शिकवण्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक शिक्षक म्हणाले, की पडद्यावरून मुलांशी मनाचा धागा जुळत नाही. आमच्या परिषदेतही बहुतेकांचं गाऱ्हाणं तेच होतं.

तर मुलांनो, काहींना हा तास आवडला, काहींना मुळीच नाही. मग फोनवरून भाषा शिकता येते की येत नाही? उत्तर शोधण्यासाठी जरा खोलात शिरू या.

डी.एड.ला असताना आम्हाला भाषेची चार कौशल्ये शिकवली होती : ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. क्रमही हाच. आता एक करा. 'चार' हा शब्द मोठ्याने म्हणा. म्हटलात? आता 'चाक' म्हणा. दोन्ही शब्दांत 'च' आहे, पण आवाज एकच आहे का? नाही ना! 'चार' म्हणताना जीभ वर टाळूला टेकते, 'चाक' म्हणताना ती पुढे दातांपाशी येते. पाटीवर अक्षर एक, तोंडात मात्र दोन. हे पुस्तक सांगत नाही. लहान मूल ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बघत शिकतं, चुकलं की कोणीतरी हसून दुरुस्त करतं, मग ते पुन्हा म्हणतं. आता कल्पना करा, बाईंचं तोंड टिकलीएवढं दिसतंय, रेंज गेल्यामुळे चित्र मध्येच थिजलंय आणि आवाज तुटक तुटक येतोय. मग 'चाक' कसं फिरायचं?

दुसरी गोष्ट कवितेची. वर्गात आपण तीस जण एका तालात कविता म्हणतो. ज्याला येत नाही, तोही आवाजात आवाज मिसळतो आणि चार दिवसांत त्यालाही येऊ लागते. फोनवर असं एकत्र म्हणून पाहिलंय का कधी? नुसता गोंधळ! कारण फोन तुमच्या आवाजाचे आकड्यांत तुकडे करतो, ते तुकडे इंटरनेटवरून दुसऱ्या फोनवर जातात आणि तिथे त्यांचा पुन्हा आवाज बनतो. या प्रवासाला थोडा वेळ लागतो. रेंज चांगली असेल तर कमी, वाईट असेल तर जास्त. वीस घरांतले वीस आवाज बाईंपाशी वीस वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. मग ताल राहणार कुठून? त्यात कोणाच्या घरी कुकरची शिट्टी, कोणाच्या अंगणात कोंबडा, कोणाकडे टीव्ही चालू. म्हणून सगळ्यांना म्यूट करावं लागायचं. बाई एकट्या कविता म्हणायच्या आणि मुलं ओठ हलवायची.

आणि वेळेचं म्हणाल, तर गप्पा मारताना आपण किती पटकन उत्तर देतो, ठाऊक आहे? शास्त्रज्ञांनी जपानी, कोरियन, डॅनिश अशा दहा भाषांतलं बोलणं तपासलं. त्याचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सेकंदाचा जेमतेम एक पंचमांश भरला! पापणी लवते न लवते तोच उत्तर हजर. फोनवरच्या तासात याच चिमुकल्या फटीत आवाजाच्या प्रवासाचा उशीर येऊन बसतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तू बोल", "नाही, तू बोल" असं चालतं. बुजरं मूल अशा वेळी गप्प राहणंच पसंत करतं. म्यूट काढेपर्यंत पाळी हुकलेली ती मुलगी आठवली ना?

आता तिसरी गोष्ट. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या बाळांच्या घरी इंग्रजी बोलत. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, बोलली, पुस्तकं वाचून दाखवली. दुसऱ्या काही बाळांना तसंच बोलणं टीव्हीवर दाखवलं. पहिल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. टीव्हीवाल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. मग सगळा दोष पडद्याचाच का? थांबा, घाई करू नका. २०१४ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द तीन तऱ्हांनी शिकवले : समोर बसून, व्हिडिओ कॉलवर बोलून आणि आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवून. समोर बसून शिकलेली मुलं तर शब्द शिकलीच, पण व्हिडिओ कॉलवर शिकलेलीही शिकली. नुसता व्हिडिओ पाहिलेली तेवढी मागे राहिली.

आता बघा हं, पडदा तर दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की व्हिडिओ कॉलवरची ताई मुलाकडे बघत होती, त्याच्या बोलण्याला उत्तर देत होती. रेकॉर्ड केलेली ताई आपलंच म्हणणं पुढे रेटत होती. आपण काहीतरी बोललो आणि त्यावर कोणीतरी काहीतरी बोललं, की भाषा आपल्यात रुजते.

साथीच्या त्या दिवसांत मुलांपर्यंत धडे पोहोचवण्यासाठी पुष्कळांनी जिवाचं रान केलं. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांना याचा मोठाच आधार झाला. पण भिंतीला कान असतात ते फक्त म्हणीत! मुलाने भिंतीवरचं वाक्य वाचलं, तर "वा, बरोबर!" म्हणायला शेजारी कोणीतरी माणूस हवं.

माझ्या वर्गातली दोन मुलं सांगते. नावं सांगणार नाही, त्यांना लाज वाटेल.

एका मुलाच्या घरी बटणांचा साधा फोन होता. ना व्हिडिओ, ना व्हॉट्सॲप. मी त्याला संध्याकाळी सातच्या सुमारास पाच मिनिटं फोन करायचे. पहिले आठ दिवस तो फक्त 'हो', 'नाही' आणि 'बरं' एवढंच बोलला. नवव्या दिवशी मी विचारलं, "आज शेळ्यांनी काय केलं रे?" आणि मग काय! एक करडू विहिरीच्या कठड्यावर कसं चढलं, त्याने ते कसं पकडलं, माय कशी ओरडली, सगळं त्याने अहिराणीत सांगितलं. मी फक्त "मग?" आणि "पुढे?" म्हणत होते. पाच मिनिटांची पंधरा कधी झाली, कळलंच नाही. नंतर मी म्हणायचे, "आता हे वहीत चार ओळींत लिहून ठेव, पुस्तकातल्यासारख्या मराठीत." शाळा उघडली, तेव्हा तो वही घेऊन आला. जोडाक्षरांवर तो अडत होता, ऱ्हस्व-दीर्घाची तर बातच सोडा! वाचनातही बराच मागे होता. पण वहीत शेळ्यांच्या एकवीस गोष्टी होत्या आणि सांगायला त्याच्याकडे आणखी शंभर होत्या.

दुसरी एक मुलगी. तिच्याकडे चांगला फोन होता, तिने सगळे व्हिडिओ पाहिले होते, कविताही पाठ होत्या. शाळा उघडल्यावर मी विचारलं, "काल घरी काय केलंस?" तिने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशीही मान. ती हुशार होती, आजारीही नव्हती. दीड वर्षात तिला असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, ज्याचं उत्तर तिचं तिलाच बनवावं लागेल. पाठ केलेलं म्हणता येत होतं, मनातलं सांगता येत नव्हतं. आम्ही रोज परिपाठात तिच्याकडून एक वाक्य ऐकायचं ठरवलं. एकच. 'आज आमच्या मांजरीने दूध सांडलं.' एवढं वाक्य उभं राहून म्हणायला तिला मार्च उजाडला!

अशी ती एकटी नव्हती. त्याच विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांना तपासलं. त्यांत ९२ टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं निदान एक तरी कौशल्य विसरली होती. चित्र पाहून त्याबद्दल बोलणं, अनुभव सांगणं, ओळखीचे शब्द वाचणं, अशी ती कौशल्ये. आपलं राज्य त्या पाहणीत नव्हतं, पण आपले वर्ग काही वेगळे नव्हते. पुढे 'असर' नावाच्या पाहणीतही तेच दिसलं. देशातल्या खेड्यांत तिसरीतल्या शंभरांपैकी किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, हे त्यात पाहतात. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ वर घसरलं. पण निराश होऊ नका. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आलं. हरवलेलं परत मिळतं. मात्र ते मिळवावं लागतं. आणि २७ हा आकडा काही फार मोठा नाही, हेही लक्षात ठेवा.

आता चार शब्द पालकांसाठी. मुलांनो, हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा, तेवढाच तुमचा वाचनाचा सराव!

पालकहो, साथ गेली, पण फोन घरातच राहिला. इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम, गोष्टींचे व्हिडिओ, उच्चार तपासणारे खेळ आज मुलांच्या हातात आहेत. ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. गोधडीत शिरून सात वेळा वाचणाऱ्या मुलीला फोनचाच आधार वाटला होता. पण मूल तासभर नुसतं ऐकत आणि बोटाने पडदा सरकवत असेल, तर त्याची भाषा वाढतेय असं समजू नका. व्हिडिओ संपल्यावर पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. "काय शिकवलं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "काही नाही" असंच येतं! "तुला त्यातलं कोण आवडलं? का बरं?" असं विचारा. बोलता बोलता ते अडलं, तर लगेच शब्द पुरवू नका, जरा वाट पाहा. घरात अहिराणी, कोकणी, भिली, उर्दू, जी भाषा बोलत असाल तीच बोला. आणि शुद्धलेखन कृपा करून मुलालाच लिहू द्या. वाकडं अक्षर आम्हाला चालतं.

आता मुलांनो, तुमचा या आठवड्याचा उद्योग. फोन घरातल्या मोठ्यांना विचारूनच घ्यायचा, बरं का!

पहिला उद्योग : मित्राला फोन लावा आणि दोघं मिळून एकच कविता एकाच वेळी म्हणायचा प्रयत्न करा. मग तीच कविता समोरासमोर उभे राहून म्हणा. काय फरक पडला, ते लिहून ठेवा.

दुसरा उद्योग : 'चार'मधला च असलेले पाच शब्द आणि 'चाक'मधला च असलेले पाच शब्द शोधा. पुस्तकात शोधायचे नाहीत, कानाने शोधायचे.

तिसरा उद्योग जरा अवघड आहे. आजी, आजोबा, मामा, आत्या, जे कोणी लांब राहत असतील, त्यांना फोन करा आणि या आठवड्यात घडलेली एक गोष्ट सांगा. कागद समोर धरायचा नाही. ऐकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की मध्ये निदान तीनदा 'मग?' किंवा 'का?' विचारायचं. गोष्ट संपली, की आता त्यांची पाळी. त्यांनी काहीतरी सांगायचं आणि 'मग?' तुम्ही विचारायचं. त्यांच्या बोलण्यात तुम्हाला माहीत नसलेला एक तरी शब्द सापडेल. तो वहीत लिहा, त्याचा अर्थ त्यांनाच विचारा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा.

ज्यांना नवा शब्द सापडेल, त्यांनी तो मला पत्राने कळवा. मी वाट पाहते.

तुमची,
बाई